अध्याहृत कर्ता

दि. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नऊ वर्षांनी लिहिते आहे म्हणून गोड बोलेन असं समजू नकोस. आम्ही बरे आहोत. चष्म्याच्या दुकानात काचा घासून माझे हात खरखरीत झाले आहेत, आणि जीभही.

तुझी भाची एका हॉटेलात लागली. तिथे ग्रीक पाहुणे फार, म्हणून मालकाने तिला जुजबी ग्रीक शिकायला सांगितलं. तिने वाचनालयातून नेमकं तू लिहिलेलं ग्रीकचं पुस्तक आणलं. परवा मी मटार सोलत होते आणि ती मोठ्याने वाचत होती, ‘इ कोरी देन अनीयी तिन पोर्ता.’ म्हणजे काय गं, असं विचारलं, तर म्हणाली, ‘मुलगी दार उघडत नाही.’ मी मटार बाजूला सारून पुस्तक ओढून घेतलं.

पानं उलटली. पानोपानी तीच मुलगी, तेच दार. एकवचनात उघडत नाही, अनेकवचनातही नाही. मांजर दूध पिते असं लिहिलं असतंस तर ग्रीक भाषा बुडाली असती का?

त्या दुपारी आई बाहेर जिन्यावर आहे हे मला माहीत नव्हतं. बेल वाजली तेव्हा वाटलं, तूच आलास, म्हणून उघडलं नाही. आठवड्यापूर्वीच तू आईला कोणी सांभाळायचं यावरून अख्खी इमारत गोळा होईल असा ओरडून गेला होतास. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. ते तू ऐकलं नाहीस, आणि आता छापून विकतोस. लेकीला यातलं काही ठाऊक नाही. पुढच्या आवृत्तीत ते वाक्य काढ.

लोभ उरलेला नाही, तो वाढावा असं कोणत्या तोंडाने लिहू?

धाकटी

—

दि. १२ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र पोचलं. शुद्धलेखन सुधारलेलं नाही.

नवशिक्याला रोजच्या व्यवहारातलं छोटं वाक्य द्यावं लागतं. ‘इ कोरी’ म्हणजे मुलगी, ती कर्ता. दार हे कर्म, म्हणून त्याच्याआधी ‘इ’ येत नाही, ‘तिन’ येतो. दार सुरुवातीला आण, मुलगी शेवटी ने, अर्थ बदलत नाही. कोणी केलं ते जागेवरून नाही, त्या छोट्या शब्दावरून ठरतं. थोडक्यात, वाक्य कितीही फिरवलं तरी कर्ता सुटत नाही. हे तुला झोंबलं तर त्यात व्याकरणाचा काय दोष?

खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवालीला आई जिन्यावर दिसली तेव्हा पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. वाचा गेली ती गेलीच. पुढे अकरा दिवस जगली, पण एक शब्द बोलली नाही. तिच्या उशाशी मी होतो. तू आपली औषधांच्या चिठ्ठ्या नाचवत धावत होतीस, जणू त्याने सगळं धुऊन निघणार होतं.

वाक्य राहील. आणि एका धड्यावर पंडित होऊन भांडायला येऊ नये. आधी पुस्तक पुरतं वाच. भाचीला आशीर्वाद.

मोठा भाऊ

—

दि. २९ जून

ती. दादास,
सा. न.

सांगितलंस तसं वाचलं. दुकानातून आले की रोज तासभर, लेकीला शेजारी बसवून. ती हसते. म्हणते, आई, माझ्या जागी तुलाच घेतील.

दुसरा धडा पटला. आपल्याकडे मुलगी आईला बघते तेव्हा आईला ‘ला’ लागतो, पण दार उघडताना दाराला काही लागत नाही. ग्रीकमध्ये दाराचीसुद्धा सुटका नाही. तुला ही भाषा का मानवली ते कळलं.

मग तिसरा धडा. त्यात तू लिहितोस की ग्रीकमध्ये ‘मी’, ‘तू’ म्हणायची गरज नसते. कर्ता अध्याहृत, म्हणजे न सांगता समजून घ्यायचा. क्रियापदाचं शेपूट बघायचं: आकूओ, मी ऐकतो, आकूइस, तू ऐकतोस, आकूई, ती ऐकते. खाली उदाहरण दिलंयस: ‘आकूओ तो रादिओफोनो पीसो आपो तिन पोर्ता.’ लेक म्हणाली, दारामागे रेडिओ ऐकू येतोय. मी म्हटलं, कोणाला? शेपूट बघ. तिने पाहिलं आणि म्हणाली, ‘मी ऐकतो.’

दादा, त्या दुपारी बेल वाजली तेव्हा मी रेडिओचा आवाज वाढवला होता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, अगदी नवऱ्यालासुद्धा. लाज वाटायची. थोड्या वेळाने रेडिओ बंद करून मी झोपले. इस्त्रीवालीने दार बडवलं तेव्हा घरात चिडीचूप होतं. आई तर काही बोललीच नाही, हे तुझंच म्हणणं. मग तो रेडिओ तुला कुठून ऐकू आला?

उलट टपाली कळव. व्याकरण नको.

धाकटी

—

दि. १० जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

तीनदा लिहून फाडलं.

आईने माझ्या न तपासलेल्या उत्तरपत्रिका स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरल्या होत्या. मी संतापलो. म्हटलं, जा लेकीकडे आणि अंथर तिच्या फळ्यांवर काय अंथरायचं ते. ती खरंच निघाली. रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिल्या म्हणून मी मागोमाग आलो. तुझ्या दारासमोरच्या पायरीवर ती बसली होती. दम लागलाय, बेल तूच वाजव, म्हणाली. मी वाजवली. आत रेडिओ मोठा झाला. आईला हसू आलं. म्हणाली, तुझी बेल तिला कळते रे, तू जा, मी वाजवते जरा वेळाने. ते हसू मला जिव्हारी लागलं. गोळ्यांची पुडी तिच्या मांडीवर टाकली आणि उतरलो. मागे वळून पाहिलं नाही.

जरा वेळ तिला मिळालाच नाही, हे संध्याकाळी कळलं. तोवर दवाखान्यात सगळे जमले होते, आणि मी तुझ्याकडे बोट दाखवलं.

ते रेडिओचं वाक्य पुस्तकात कसं उतरलं, खरंच ठाऊक नाही. प्रुफं मी चार वेळा वाचली होती. नव्या आवृत्तीत दोन्ही वाक्यं काढतो. तुझ्याकडे येऊ का?

दादा

—

दि. १५ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग लेकीच्या हातात दिलं. वाचून ती उठली, पुस्तक वाचनालयात परत करून आली आणि जेवली नाही. दहा वर्षांची असताना, मामा आपल्याकडे का येत नाही, असं ती मला विचारायची. मी म्हणायचे, माझं चुकलंय.

पुडी आईच्या मांडीवर होती, ती मीच उचलली. नऊ वर्षं मला वाटत आलं, आई गोळ्या घेऊन माझ्याकडे राहायलाच आली होती, आणि मी तिला आत घेतलं नाही.

पुस्तकातून काय काढायचं ते तुझं तू बघ. त्या दिवशी दवाखान्यात मावशी होती, दोन्ही काका होते, माझे सासूसासरे होते. सगळ्यांदेखत तू म्हणालास की मी आईला मारलं. सासूबाई गेल्या त्या हेच मनात धरून. जे उरलेत त्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पत्र लिही, आणि त्यात कर्ता स्पष्ट लिही. त्यांची उत्तरं माझ्याकडे आली की पुढचं बोलू.

आईच्या दिवसांनंतर मी बेलची तार उपटून टाकली होती. लोक दार ठोकायचे. काल वायरमन बोलावून नवी बेल बसवून घेतली. लेकीने बाहेर जाऊन चारदा वाजवली. चारही वेळा मी आतून उठून गेले आणि दार उघडलं.

तुला उघडेन की नाही, ते मला अजून सांगता येत नाही. म्हणून एवढ्यात येऊ नकोस.

तब्येतीस जप. लोभ मागू नकोस.

धाकटी