आत्याने बरोबर की दाबली होती

माझ्या आधीच्या मृत्युपत्रातील चौथ्या कलमात मी लिहिले होते की, दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी सदतीस जन्मनोंदी पुसल्या गेल्या त्या माझ्या आत्याच्या हातून चुकीची की दाबली गेल्यामुळे. ते खोटे आहे. आत्याने बरोबर की दाबली होती. ते मृत्युपत्र मी रद्द करते.

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, जन्मनोंदणी कार्यालयात मेनफ्रेमचे, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक मोठ्या संगणकाचे, स्क्रीन तयार करते. हे पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, "तुम्हाला मृत्युपत्राची नाही, झोपेची गरज आहे." त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. दडपण कोणाचेही नाही. आत्याचे आहे, पण ते जन्मापासूनचे.

कलम एक. घर माझे नाही, खोली भाड्याची आहे. बँकेतली शिल्लक आणि सायकल दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. सायकलचा मागचा ब्रेक लागत नाही. हे त्याला आधी सांगावे, सायकल नंतर द्यावी.

कलम दोन. माझा जुना कीबोर्ड आणि पुठ्ठ्यावर काढलेल्या बारा फंक्शन की आत्याला परत. मी शाळेत जायला लागण्याआधी त्याच पुठ्ठ्यावर तिने मला जेवणाच्या टेबलाशी शिकवले: एफ-तीन म्हणजे जतन करून बाहेर, एफ-बारा म्हणजे रद्द. नोंदी करायचे काम तिने सव्वीस वर्षे सांभाळले.

कलम तीन. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे टाचणीसाहेब म्हणतात, त्यांना माझ्याकडून काहीही मिळू नये. त्यांचा डोळा असलेली माझी खुर्चीवरची उशीसुद्धा नाही. त्या सदतीस नोंदींच्या चौकशीत ते आत्यासमोर म्हणाले होते, "वय झालं की बोटं विसरतात."

कलम चार, दुरुस्त केलेले. कोणती की काय करते हे सांगणाऱ्या दोन ओळी स्क्रीनच्या तळाशी दाखवता येतात किंवा लपवता येतात. आत्या त्या लपवून ठेवायची. "खाली दोन ओळी वाढल्या की वर दोन बाळं कमी दिसतात," म्हणायची. मी नवीनच लागले होते. कोणाचे काम वाया जाऊ नये म्हणून एफ-बारासुद्धा जतन करेल असे ठरवले, ओळी सगळ्यांना दिसतील अशा केल्या आणि आत्याला बजावले, "आता खाली वाचून दाबत जा."

कीचे नाव एका रकान्यात असते, तिचे काम शेजारच्या रकान्यात. नाव मी सर्वांच्या यादीत बदलले. काम मात्र चुकून माझ्या खासगी, म्हणजे फक्त माझ्या लॉगिनला लागू होणाऱ्या, यादीत बदलले. त्यामुळे मी तपासले तेव्हा की जतन करत होती. बाकी सगळ्यांकडे खाली 'जतन' दिसायचे आणि नोंद रद्द व्हायची. त्या शनिवारी नोंदी करायला एकटी आत्याच होती. सोमवारी साहेबांनी सर्वांची यादी जुन्यासारखी करायला लावली आणि पुरावाही गेला; माझी खासगी यादी मात्र तशीच राहिली. कागदी अर्जांवरून सदतीसही बाळे पुन्हा नोंदली गेली. आत्या मात्र मुदतीआधी घरी बसली.

गेल्या आठवड्यात मंगळवारी मला नवा लॉगिन मिळाला. त्यात एफ-बाराने माझी नोंद रद्द केली. जुन्यात ती दोन वर्षे जतन करत होती. मी दोन्ही याद्या छापून शेजारीशेजारी ठेवल्या तेव्हा चूक सापडली.

रविवारी दुपारी मी आत्याकडे गेले. तिची स्मरणशक्ती दोनदा तपासून झाली आहे आणि दोन्ही वेळा काही निघाले नाही, तरी डोके चालत नाही असे तिने मनाशी धरले होते. पर्समध्ये स्वतःच्या पत्त्याची चिठ्ठी, डब्याडब्यावर नावे. मी सगळे सांगितले.

"म्हणजे खाली 'जतन' लिहिलं होतं?"

"हो."

"आणि मी तीच दाबली?"

"तीच. सदतीस वेळा."

"अगं गाढवे! म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे!"

ती हसली. मग उठली आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या नखाने खरवडू लागली. "दोन वर्षं, बये. दोन वर्षं मी साखर चाखून खात्री करत्येय." मी रडायला लागले तशी म्हणाली, "ते नंतर. आधी साहेबाला लेखी दे. मला त्याने चारचौघांत वेडं ठरवलंय, त्यामुळे कागदही चारचौघांत जाऊ दे."

कलम पाच. ते निवेदन दोन्ही याद्यांच्या छापील प्रतींसह या कागदांना जोडले आहे. ते साहेबांना देण्यापूर्वी माझे काही बरेवाईट झाल्यास दादाने ते त्याच दिवशी नेऊन द्यावे आणि चौकशीच्या कागदांतले आत्याविरुद्धचे वाक्य खोडून घ्यावे. नोकरी गेली तर गेली. या आठवड्यात मी रोज आठ तास झोपते आहे.

साक्षीदार: तळमजल्यावरचे चष्मेवाले (सही). कार्यालयातील टपाल घेणाऱ्या ताई (सही, त्यांनी आधी सगळे वाचले आणि "बरं झालं बाई" म्हणाल्या).

लिहून देणार: सही

ठिकाण: माझी खोली, दुसरा मजला
दिनांक: शुक्रवार, ७ मार्च २०२५

निवेदन मी स्वतः सोमवार, १० मार्च रोजी सकाळी साडेदहा वाजता, सगळा विभाग जागेवर असताना, टाचणीसाहेबांच्या हातात देईन आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.