विमानं आपली नव्हती, तात्या

प्रिय तात्या,

तुमचा तो चिनी सिनेमा आम्ही शुक्रवारी शेवटपर्यंत पाहिला. तोही हिंदीत. तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलोय. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण या खोलीत भांडायला दुसरं उरलंय कोण? सदा तर भांडण सुरू झालं की भिंतीकडे तोंड करून घोरायला लागतो. मग काल वहिनींचा फोन आला, आज दुपारी तुमच्या मंगेशशी बोललो, आणि आता तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही. म्हणून बसलोय लिहायला.

आम्ही तुम्ही सोडलंत तिथेच आहोत. बहारीनच्या बुसैतीनमधली तीच खोली, त्याच तीन खाटा. कंपनीच्या ऑफिसला तेच सील. मालक कुठल्या देशात आहे ते अजून कुणाला ठाऊक नाही. पासपोर्ट कोर्टाच्या ताब्यात. कंपनीवरची केस संपेपर्यंत दुसरीकडे काम करायचं नाही आणि देशही सोडायचा नाही. सदा अजून इथल्या अरबीत तेच म्हणतो, "काम मफी, पासपोर्ट मफी, घर मफी." सगळंच नाही. फक्त आता तो ते म्हणताना हसत नाही.

तुमचं मात्र झटपट झालं. जिवंतपणी मागून मागून जो पासपोर्ट मिळाला नाही, तो तुम्ही डोळे मिटल्यावर चार दिवसांत बाहेर आला. आपल्या मराठी मंडळींनी धावपळ केली, सह्या झाल्या, शिक्के झाले. गच्चीवर उभं राहून मी आणि सदा तुमचं विमान बघत होतो. विमानतळ एवढा जवळ, तरी नक्की तुमचं कुठलं ते कळेना. दोन विमानं पाठोपाठ गेली. आम्ही दोन्हींनाही हात जोडले. खरं सांगू? तेव्हा रडू आलं, पण त्या रडण्यात थोडा हेवासुद्धा होता.

आठवतं, कंपनी चालू होती तेव्हा आपल्या गाडीचा अमवाजच्या बंगल्यांमध्ये काय रुबाब होता? तुम्ही एसीवाले, सदा नळवाला, मी ड्रायव्हर. तुम्ही लोकांच्या घरात गार हवा सोडायचात, सदा पाणी सोडायचा आणि मी बाहेर गाडीत बसून घाम गाळायचो. गाडीत येऊन बसलात की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं: "चल रे घाट्या, यल्ला." कऱ्हाडच्या माणसाला घाटी म्हटलेलं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकून घेतलं नसतं.

मग कुलूप लागलं आणि आपण खोलीत अडकलो. पहिले काही दिवस सुट्टीसारखे गेले. नंतर दिवसच जाईनासे झाले. सकाळी उठायचं तर कशाला, आणि झोपायचं तर दमलंय कोण? बाहेर उन्हाचा तवा, संध्याकाळी फार तर अरादच्या किल्ल्यापर्यंत चालत जायचं, समुद्राकडे तोंड करून बसायचं आणि परत यायचं. एकमेकांच्या खोकल्याचाही राग यायला लागला होता.

त्या दिवसांत तुम्ही पेटीच्या तळातून पेन ड्राइव्ह काढलात. मॉलमधल्या चिनी दुकानदाराचा एसी दुरुस्त केला होता, त्याने खुशीने दिलेला. त्यावर एकच सिनेमा. बोलणं चिनी, खाली पडणारी अक्षरंही चिनी. जपानी सैन्य गावात शिरतं, गावकरी आणि थोडे चिनी शिपाई पळत जाऊन एका वीटभट्टीत आसरा घेतात आणि भट्टीला जपान्यांचा वेढा पडतो, एवढं चित्रं बघून कळत होतं. सदा म्हणाला, "बंद करा, काय कळत नाय." तुम्ही उठलात, टीव्हीचा आवाज पूर्ण घालवलात, कुकरचं झाकण आणि एक पळी घेऊन टीव्हीच्या शेजारी उभे राहिलात.

तरुणपणी तुम्ही दशावतारात कामं करायचात हे आम्हाला सांगून माहीत होतं. राती राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं तुम्हीच म्हणायचात. पण तो राजा आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. जपानी अधिकारी तलवार घेऊन आला की तुम्ही झाकण बडवत दैत्याची एंट्री करायचात. चिनी कॅप्टनचं नाव तुम्ही बबन ठेवलंत. भट्टीत पेज शिजवणारी म्हातारी झाली बबनची आवस, म्हणजे आई, आणि तिचा आवाज तुम्ही असा काढलात की मला माझी आत्या आठवली. मी मध्येच म्हटलं, "तात्या, तो असं बोलला नसणार." तर तुम्ही झाकण थांबवून माझ्याकडे बघितलंत. "गप रव रे घाट्या. ह्यो दशावतार आसा. हेका पुस्तक नसता."

तो खेळ किती वेळा झाला? दर शुक्रवारी तर व्हायचाच. शेजारच्या खोलीतले केरळी आणि नेपाळीसुद्धा येऊन दारात बसायचे. त्यांना मालवणी कळत नव्हतं, आम्हाला चिनी कळत नव्हतं, आणि सगळे मिळून हसत होतो.

त्यातला मटणाचा सीन सगळ्यांचा लाडका. कॅप्टन सगळ्यांना गोळा करून खाली मान घालून बराच वेळ बोलतो. तुमचा बबन म्हणायचा, "पेज खाऊन खाऊन तोंडाची चव गेली. नदीपलीकडे बोकड कापलोहा. कोण जातलो मटान आणूक?" मग काही जण अंधारात हळूच नदीत उतरतात. आम्ही टाळ्या. पुढे ते लोक सिनेमात परत दिसतच नाहीत. सदाने एकदा विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "थंयच खात बसले, मेले."

आणि शेवट. दारूगोळा संपलाय, भिंत ढासळलीय, आणि आकाशात विमानांचा थवा येतो. पंखांवर लाल गोल. तुम्ही पळी फेकून दोन्ही हात वर करायचात. "इले रे इले, आपले इले! सूर्यनारायणान रथ धाडल्यान!" भट्टीतले लोक वर बघतात आणि तिथेच तुम्ही टीव्ही बंद करायचात. "दैत्य मेलो, झालो दहीकालो. आता जेवा." आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवायचो. एकदा तर त्याच वेळी खरंखुरं विमान छतावरून गेलं आणि दारातला एक नेपाळी रडला.

शुक्रवारी सदाला तोच सिनेमा मोबाईलवर हिंदीत सापडला. आम्ही म्हटलं, तात्यांची आठवण म्हणून बघू.

तात्या, ती विमानं जपान्यांची होती.

लाल गोल पहिल्या सीनपासून त्यांच्या झेंड्यावर होता. इतक्या वेळा बघितला आम्ही तो झेंडा, दैत्याच्या हातात बघितला, आणि तरी पंखांवर तोच गोल दिसल्यावर आमच्यापैकी एकानेही तोंड उघडलं नाही. लहान पोराला कळलं असतं. आम्हाला का कळलं नाही? मला वाटतं आम्हाला कुणीतरी यायलाच हवं होतं. तुम्ही टीव्ही बंद करायचात त्यानंतर बॉम्ब पडतात. बराच वेळ पडतात. शेवटी नुसती भट्टीची चिमणी उभी राहते आणि त्या म्हातारीची पेजेची कढई उपडी पडलेली दिसते.

आणि मटणाचा सीन? त्यात कॅप्टन सगळ्यांना सांगतो की बाहेरून कुणी येणार नाहीये. मदत यायची होती, ती रद्द झाली. मला लपवायचं नाही, म्हणतो. ज्याला जमेल त्याने आज रात्री नदीतून निघून जावं, मी कुणाला भेकड म्हणणार नाही. म्हणून ते लोक नदीत उतरले होते. सिनेमात जगले ते तेवढेच. तुमच्या खेळात ते मटण खात बसले होते आणि आम्ही त्यांच्यावर हसत होतो.

तुम्हाला हे ठाऊक होतं ना? नेमकं तिथेच टीव्ही बंद करायचात म्हणजे पुढचं तुम्ही एकट्याने कधीतरी बघितलेलं असणार. मग आमच्यापासून का लपवलंत? आम्ही काय कोवळी पोरं होतो? की तुम्हालाच तो शेवट पुन्हा बघायचा नव्हता? शुक्रवारभर मी हेच विचारत बसलो. सदा म्हणाला, "सोड रे. खोटा तर खोटा, पण तेवढा वेळ आपण भायर होतो." त्याचं म्हणणं मला पटलं. शनिवारी सकाळपर्यंत मी तुम्हाला माफ करून टाकलं होतं.

आणि मग वहिनींचा फोन आला.

"भावजी, एक विचारू?" म्हणाल्या. मंगेशचा आयटीआय झाला. सावंतवाडीत एक एजंट आहे, तो म्हणतो बहारीनचा विसा काढून देतो. मंगेशला तुमच्याच कामात यायचंय, जमलं तर तुमच्याच कंपनीत. सोमवारी पासपोर्ट एजंटकडे द्यायचा आहे. कंपनी कधीची बंद पडलीय हे यांना माहीतच नाही?

तात्या, तुम्ही घरी काय काय सांगून ठेवलं होतंत? फोरमन झालात म्हणून? साहेब तुम्हाला विचारल्याशिवाय काही करत नाही म्हणून? आम्ही शेजारच्या खाटेवर होतो आणि तुम्ही फोन घेऊन जिन्यात जायचात. आम्हाला वाटायचं, नवरा-बायकोचं बोलणं आहे.

मी काहीतरी जुळवायला लागलो. इंशाल्ला, बघू, सध्या जागा नाहीत, वगैरे. वहिनींनी मला मध्येच तोडलं. "भावजी, मी दशावतारी माणसाबरोबर संसार केलंय. घरात तांदूळ नसले की ते राजाच्या आवाजात बोलायचे. शेवट शेवट फोनार नुसतो राजाच बोलत होतो. माका सगळा कळायचा. पण ते बोलतत तर बोलांदे, म्हटलंय. तेवढाच तेंका बरा वाटता."

मग त्यांचा आवाज बदलला. "माझ्या पोराक कळणा नाय. तो बापाशीचा सगळा खरा मानता. मी नको म्हटलंय तर म्हणता, आई, तुका काय म्हायत. तुमी सांगा तेका. तुमचा ऐकतलो."

मी फोन ठेवला. काय करायचं होतं मी? मंगेशला खरं सांगायचं तर त्याचा फोरमन बाप त्याच्यापासून काढून घ्यायचा. आणि नाही सांगायचं तर? या खोलीत खाट रिकामी आहेच. मला त्या खाटेवर तुमचा पोरगा झोपलेला दिसायला लागला. माफी परत घेतली मी तुमची, स्पष्टच सांगतो. आमच्याशी खोटं बोललात ते ठीक, आम्ही आधीच आत होतो. तो अजून बाहेर आहे.

आज दुपारी मी मंगेशला व्हिडिओ कॉल लावला. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, पण त्याचा चेहरा समोर आला आणि सगळं विसरलो. कपाळ तुमचंच आहे हो. मी एवढंच म्हटलं, "मंगेश, तुझे बाबा राहायचे ती खोली तुला दाखवतो." आणि फोन फिरवला. खाटा, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातली शेगडी, भिंतीवरची ओल. सदा बनियनवर बसला होता, तो अवघडून उभा राहिला.

मंगेश म्हणाला, "काका, खिडकी खंय आसा? बाबा म्हणायचे खिडकीतसून समुद्र दिसता."

मी खिडकी दाखवली. एसी बसवायला प्लायवूड ठोकून बंद केलेली. एका फटीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, तीही दाखवली. त्यानंतर बोलणं सोपं गेलं. कंपनीचं, केसचं, पासपोर्टचं सगळं सांगितलं. तुम्ही त्या दिवशी छातीत जळजळ होते म्हणालात आणि डॉक्टरकडे चला म्हटलं तर कार्डाची मुदत संपलीय, दवाखान्यात घेणार नाहीत म्हणून नको म्हणालात, तेही सांगितलं. तो रडला. मी फोन बंद केला नाही, त्यालाही करू दिला नाही. मागे वहिनी उभ्या होत्या. त्यांनी पदराने तोंड दाबून धरलं होतं, पण मला मानेने खूण केली, सांगा, सांगा म्हणून.

शेवटी त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "काका, तुमी कधी सुटतलास?"

तोंडावर आलं होतं, पुढच्या आठवड्यात. मनीषाला रोज तेच सांगतो ना मी. घरून बायकोचा फोन आला की पुढच्या आठवड्यात तारीख आहे, पुढच्या आठवड्यात होऊन जाईल. तिने खिडकीचे पडदे धुऊन ठेवलेत, पोरींना शाळेत सांगायला लावलंय की पप्पा येणारेत. फोन घेऊन मीसुद्धा जिन्यातच जातो, तात्या.

मंगेशला म्हटलं, "माहीत नाही रे."

इतक्या महिन्यांत हे शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो. सदा माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने मान खाली घातली.

मंगेश पासपोर्ट देणार नाही. कुडाळात एसीच्या दुकानात काम मिळतंय, तिथे जाईन म्हणाला. तोंडावर फार खुशी नव्हती. बापाच्या वाटेने जायचं होतं त्याला, ती वाट मी बंद केली. मोठा झाल्यावर तो मला शिव्या देईल की आशीर्वाद, ठाऊक नाही. तुम्ही असता तर मला थांबवलं असतंत का? मला वाटतं, नसतं.

आता मनीषाच्या फोनची वेळ झालीय. आज जिन्यात जाणार नाही, इथेच खाटेवर बसून बोलणार आहे. तिला सांगेन की तारीख नाही, कधी येईन ते मला माहीत नाही, आणि पोरींना वाट बघायला लावू नकोस. ती रडेल. मी तिला गप्प करायला काही जुळवून सांगणार नाही, एवढा शब्द तुम्हाला देतो.

फोन वाजतोय.

तुमचा,
विलास