सरुबाईंचे 'हे', एक ते शंभर

चि. यज्ञेश्वर यास मंदामावशीचे अनेक आशीर्वाद.

तू आणि सूनबाई खुशाल असालच. (खराडी आणि धायरी एकाच पुण्यात असूनही खुशाली पत्राने विचारावी लागते. यात दोष रस्त्यांचा की तुझा, यावर मी काही बोलत नाही.) माझे गुडघे कुरकुरतात, पण वर्गापर्यंत नेऊन पोचवतात.

वर्ग म्हणजे आमच्या सोसायटीच्या हॉलमधला बायकांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला निवृत्तीनंतर स्वस्थ बसवत नाही, त्याचं हे फळ. पण अध्यक्ष हिंदुरावांना (सोसायटी त्यांच्याच शेतावर उभी आहे, हे ते रोज सांगतात) तिथे टेबल टेनिस हवं होतं. त्यांनी बजावलं, "शनिवारी काय शिकलात ते दाखवा. न्हायतर हॉल मोकळा करा." म्हणून तू फोनवर सांगितलेला तो आकडा ओळखायचा खेळ मी शिकवायला घेतला. संगणकाने एक ते शंभरमधला आकडा मनात धरायचा, आपण अंदाज करायचा, आणि मनातला आकडा त्याहून लहान की मोठा ते त्याने सांगायचं. मला वाटलं, यात काय अवघड आहे?

पहिला घोटाळा माझ्याच तोंडून झाला. आकडा ठेवायला संगणकात एक डबा लागतो आणि डब्याला नाव लागतं, इथवर सगळ्यांना पटलं. मग मी म्हणाले, "चला, आता एक नाव घ्या." झालं! बायकांपुढे 'नाव घ्या' म्हटल्यावर दुसरं काय होणार? पदर सावरून एकेकीने उखाणे सुरू केले. चांदीच्या ताटापासून हापूस आंब्यापर्यंत सगळं येऊन गेलं, डबा बिननावाचाच राहिला. फक्त सरुबाई (म्हणजे हिंदुरावांच्याच सौभाग्यवती) गप्प होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "बाई, मनातलं सांगत न्हाई, आपुनच वळखायचं, असा घरात एकच माणूस हाय. पर मी त्यांचं नाव घेत न्हाई." आणि त्यांनी डब्यावर नाव टाकलं, 'हे'. मला इतकं हसू आलं की हातातला खडू पडला.

शनिवारी हिंदुराव स्वतःच खेळायला बसले. पन्नास म्हणाले. पडद्यावर आलं, 'हे याहून लहान आहेत.' हॉलमध्ये खसखस पिकली. हिंदुराव भडकले, "कुनाहून लहान?" मग वीस म्हणाले, तर 'हे याहून मोठे आहेत.' जरा बरं वाटलं असावं, कारण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. हॉल गेला असंच मी धरून चालले होते. अखेर सदतीस बरोबर आलं आणि सरुबाईंनी मलाही न सांगता लिहून ठेवलेलं पडद्यावर उमटलं:

'एक ते शंभरात मशीन घालतं कोडं,
हिंदुरावांचं नाव घेते, डोकं लावा थोडं.'

हिंदुरावांनी ते दोनदा वाचलं. लग्नानंतर बायकोने चारचौघांत आपलं नाव घेतलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. मग हळूच म्हणाले, "परत खेळतो. नाव परत येतंय का बघू." यज्ञेश्वर, मला फार फार आनंद झाला रे. हॉल आमच्याकडेच राहिला.

तुझी,
मंदामावशी

ता.क. हॉल राहिला, पण हिंदुराव संगणकासमोरून उठत नाहीत, आणि वर्गात संगणक एकच. तुमच्या ऑफिसात जुने लॅपटॉप अडगळीत पडलेले असतात असं तूच म्हणाला होतास. रविवारी एक घेऊन ये.

आणखी ता.क. हिंदुराव आता स्वतः प्रोग्रॅम लिहायला लागलेत. डब्याला नाव दिलंय 'सरू'. काल सरुबाईंनी साठ म्हटलं, तर सगळ्यांसमोर उत्तर आलं, 'सरू याहून मोठी आहे.' तेव्हापासून दोघं एका संगणकावर बसत नाहीत. एक नको, दोन आण.