साठीच्या वरच्यांनी लहान बोटीत बसू नये

१० नोव्हेंबर, सोमवार
दूध संस्थेच्या मीटिंगमध्ये ठराव झाला. संचालक मंडळाचा अभ्यास दौरा, अंदमान, सात दिवस, जानेवारीत. सेक्रेटरी भाऊसाहेबांनी (इथून पुढे भा.सा.) फाईल माझ्या टेबलावर टाकली. "सुजाता, तू बीएस्सी हाय, इंटरनेट बघती. कुठली बेटं, कुठल्या बोटी, समदं तूच ठरव. आन् अभ्यासाचा विषय कायतरी लावून टाक."

कायतरी कशाला? खरा विषय आहे की. बेटांवर दूध कसं पोचतं? बोटीने नेताना नासत नाही का? इथे काष्टीत टँकर तासभर उशिरा आला तर आमची बोंब होते. पहिल्या पानावर तेच लिहिलं.

मग अकरा संचालकांची यादी. दहावं नाव आईचं. ते लिहिताना अक्षर जास्तच चांगलं आलं.

१२ नोव्हेंबर
आईला आज सांगितलं. धार काढत होती, थांबली नाही.
"मला कोन नेतंय?"
"नेतंय काय? तू संचालक आहेस. यादीत आहेस."
"नंदा बी यादीत असंल. तिचा नवराच जायाचा."
ते खरं आहे. नंदाताई महिलांच्या जागेवरच्या संचालक, पण मीटिंगला त्यांचे मिस्टर तात्या येतात, सहीसुद्धा तेच करतात. कोणाला त्यात काही वाटत नाही. आई अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर. तीन वर्षांपूर्वी तिला उभी केली, कारण म्हशीचं दूध नियमाने घालते आणि बोलत नाही. पण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बाजारात हमाली असते म्हणून मीटिंगला ती स्वतः जाते. दाराजवळच्या खुर्चीवर बसते, आणि सही करते. सही मीच शिकवली. पाटीवर, एक महिना.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "बोटीत चहा देत्यात का?"
"देतात."
"कशात?"
मीटिंगमध्ये सगळ्यांना कपबशी आणि तिच्या एकटीला कागदी कप, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, "बोटीत सगळ्यांनाच कागदी."
"मग बरं."

१८ नोव्हेंबर
तीन दिवस बोटीच बघतेय. श्री विजयपुरम म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर. तिथून स्वराज द्वीप, मग शहीद द्वीप. सरकारी बोट हळू जाते, खाजगी लवकर पोचते. मी सरकारी निवडली. तिथली माणसं त्या बोटीने ये-जा करतात, त्यांना दुधाचं विचारता येईल.
भा.सा. : "एसी बोट घे. आप्पांना घाम येतो." आप्पा म्हणजे चेअरमन.
मी कारण सांगितलं. ते हसले. "तू लई अभ्यासू हाय गं."
एसी बोट घेतली.

२१ नोव्हेंबर
आज आप्पा स्वतः टेबलाजवळ आले. "बाराटांगला जाताना जंगलातली ती लोकं दिसत्यात म्हणं?"
म्हटलं, ती त्या आदिवासींची राहण्याची जागा आहे, तिथे गाडी थांबवायची नसते, फोटो काढायचे नसतात.
"थांबायचं कुठंय? जाता जाता बघायचं."
बाराटांग मी यादीतून काढलं. चुनखडीची गुहा आहे, खाडीतून बोटीने जातात, छान असेल. पण माणसं बघायची सहल मी लावणार नाही. त्या जागी नॉर्थ बे टाकलं. तिथे काचेच्या तळाची बोट असते, खालचे मासे दिसतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार
बाजाराचा दिवस. अण्णा हमालीवरून आले ते थेट झोपले. आई आणि मी गोठ्यात सराव केला. लाइफ जॅकेट साडीवर कसं बसेल ते बघायचं होतं. पेंडीच्या रिकाम्या गोणीला भोकं पाडली, आत भुस्सा भरला, दोन पट्टे शिवले. व्हिडिओत दाखवतात तसं: आधी खालचा पट्टा, मग वरचा. खालचा सैल राहिला तर पाण्यात जॅकेट तोंडावर येतं.
आईने चार वेळा घातलं, चार वेळा काढलं. पाचव्यांदा डोळे मिटून. म्हैस बघत उभी.
"हिला बी एक शिव," आई म्हणाली. इतकी हसली की पदर तोंडात घ्यावा लागला.

७ डिसेंबर, रविवार
आईला एसटीत उलटी होते, म्हणून खरी परीक्षा घेतली. घोड धरणावर माझ्या मावशीच्या ओळखीचे एक मासेमारी करणारे काका आहेत, त्यांच्या होडीत बसलो. आई सुरुवातीला दोन्ही हातांनी काठ धरून, नजर पायाशी. मग हळूच एक हात सोडला. मग पाण्यात घातला.
उलटी नाही.
परत येताना : "समुद्र ह्याच्याहून मोठा का?"
"लई मोठा. पण खारट. पिता येत नाही."
"इतकं पानी आन् प्यायला न्हाई? मग ठिवलंय कशाला?"
हे काही पुस्तकात नव्हतं. बीएस्सी.

१५ डिसेंबर
सूचनापत्रक पूर्ण. अकरा नियम, मराठीत, मोठ्या अक्षरात. बोटवाल्यांच्या पानावर नुसतं "वयस्कर व्यक्तींनी काळजी घ्यावी" असं मोघम लिहिलंय. मोघम मला आवडत नाही. आप्पा सदुसष्ट वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट टाकलाय. स्वराज द्वीपावरून एलिफंट बीचला जाते ती बोट लहान, लाटेवर आपटत जाते. त्यांना काही झालं तर? म्हणून नियम सातवा मी स्पष्ट लिहिला: "साठीच्या वरच्यांनी लहान बोटीत बसू नये."
भा.सा.नी वाचलं, सही-शिक्का मारला, सगळ्यांना प्रती वाटल्या. "याला म्हनत्यात काम." दिवसभर बरं वाटत होतं.

२२ डिसेंबर
तिकिटांसाठी सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स गोळा केल्या. आईची मीच काढली. भा.सा.च्या हातात मीच दिली. हे इथे लिहून ठेवते.

२४ डिसेंबर
भा.सा.नी बोलावलं. समोर आईची झेरॉक्स आणि माझं सूचनापत्रक, शेजारी शेजारी.
"मावशी एकसष्टच्या हायेत की."
आई पन्नाशीचीसुद्धा नाही. आधारवर एकसष्ट आहे. मी अकरा-बारा वर्षांची असताना गावात कॅम्प लागला, आई ऊसतोडीवरून थेट रांगेत उभी राहिलेली. जन्मतारीख विचारली, तिला माहीत नव्हती. त्या माणसाने चेहरा बघितला आणि विचारलं, "पन्नास धरू?" मागे रांग होती. आई व्हय म्हणाली. एक जानेवारी आणि एक साल टाकून दिलं त्याने. कागदावर आई अण्णांहून सहा वर्षांनी मोठी. घरात आम्ही यावर हसायचो. अण्णा तिला कधी कधी "थोरल्या बाई" म्हणतात.
माझ्या डोक्यात तिचं खरं वय होतं. नियम लिहिताना ती साठीची आहे हे मनातसुद्धा आलं नाही.
मी म्हटलं, "ते चुकीचं आहे."
"मग जन्माचा दाखला आन."
दाखला कुठला? शाळेत गेली असती तर दाखला असता.
"आणि आप्पा? सदुसष्ट."
"आप्पांनी डॉक्टरचं पत्र दिलंय."
"आईचंही आणते."
"आनशील गं. पर कायतरी झालं तर जबाबदारी कोनाची? नियम तूच लिवलाय. शिक्का हाय त्यावर."
"नियम फक्त लहान बोटीचा आहे. मोठ्या बोटीत—"
"मग बाकीचे लहान बोटीत जायचे आन् मावशी काय, हॉटेलात बसायच्या एकट्या?"
माझ्याकडे बघून हसले. वाईट हसले नाहीत. तेच जास्त लागलं.

२६ डिसेंबर
डॉक्टरांचं पत्र आणलं. बीपी ठीक, साखर ठीक. डॉक्टर म्हणाले, "एकसष्टच्या वाटत नाहीत."
भा.सा.नी पत्र फाईलला लावलं. "बघू."

३० डिसेंबर
बघितलं. संध्याकाळी भा.सा. घरी आले. खुर्ची दिली. चहा नको म्हणाले, आत्ताच झालाय म्हणे. दर वेळी आत्ताच झालेला असतो.
अण्णांना म्हणाले, "जागा वाया घालवायची न्हाई. तुमच्या घरची जागा हाय, घरातच राहूं द्या. तात्या जातोय नंदाताईंच्या जागी, तसं तुमी या."
अण्णांनी आईकडे बघितलं. आई चुलीकडे.
मी म्हणाले, "संचालक अण्णा नाहीत."
अण्णा म्हणाले, "तू गप बस." इतक्या वर्षांत मला असं कधी म्हणाले नव्हते.

३१ डिसेंबर
अण्णा हो म्हणालेत. घरात भांडण नाही, त्यामुळे काही बोलता येत नाही. आई म्हणते, "जाऊं दे त्येला. त्येनी तरी कुटं बघितलंय समुद्र? आयुष्य पोत्याखाली गेलं."
हेही खरं आहे. सगळंच खरं आहे, म्हणून राग कुठे ठेवायचा कळत नाही.

८ जानेवारी
भा.सा.नी दोन कामं दिली.
एक : दौऱ्याचा अहवाल आत्ताच लिहून ठेव, आल्यावर सह्या करू. "गेल्या वेळी केरळचा बी असाच केला हुता." म्हणजे बेटांवर दूध कसं पोचतं हे न जाता लिहायचं. मी महिनाभर प्रश्न काढत बसले होते. अठ्ठावीस प्रश्न आहेत वहीत.
दोन : आईचं संमतीपत्र टाइप कर. मजकूर त्यांनी सांगितला. "वयोमानामुळे बोटीचा प्रवास झेपणार नसल्याने मी स्वखुशीने माझी जागा माझे पती यांना देत आहे." टाइप केलं. 'स्वखुशीने'ला बोटं थांबली, मग केलं.
कार्यक्रमपत्रिका टूरवाल्यांकडून छापून आली. नॉर्थ बे नाही. बाराटांग आहे.

१४ जानेवारी
अण्णांनी कलप लावून घेतला. चोरून आरशात बघतात. आई त्यांची बॅग भरते: ओव्याची पुडी, आवळासुपारी, उलटीसाठी पिशव्या, रबरी चपला. सगळं तिने स्वतःसाठी जमवलेलं. चपला एक नंबर लहान होतायत.
संमतीपत्र घड्याळामागे खोचलेलं. सही नाही.

१७ जानेवारी
भा.सा. : "कागद?"
आईला विचारलं. "धार झाली की करते."
धार झाली. वैरण झाली. भाकरी झाल्या.

२१ जानेवारी, बुधवार
सकाळी सातला जीप दारात. पुण्यापर्यंत जीप, पुढे विमान. तात्या पुढच्या सीटवर, गॉगल लावून. अण्णा मागे, बॅग मांडीवर. सगळ्यांनी बॅगा टपावर टाकल्या, अण्णांनी नाही टाकली. आईने त्यांच्या कॉलरचं बटण लावलं, सगळ्यांसमोर, असं ती कधी करत नाही.
भा.सा.नी खिडकीतून हात काढला. "मावशी, कागद."
आईने हात पुढे केले. शेणाने भरलेले. "असल्या हातांनी कशी करू, भाऊसाहेब?"
तात्या म्हणाला, "मावशी, धुवा की हात. तिकडं समुद्रच समुद्र हाय." जीपमध्ये हशा. अण्णा हसले नाहीत.
भा.सा. मला म्हणाले, "तूच करून ठेव गं. तुझ्याच हाताचं वळन हाय."
जीप गेली.

संध्याकाळी ऑफिसातून आले. कागद काढला, पेन काढलं. खरंच, मला तिची सही येते. पाटीवर मी काढायची, ती गिरवायची. कोणाला कळणार नाही. आणि कागद नसला तर ठपका अण्णांवरच ठेवतील, 'संमती नसताना गेले'. भा.सा. नामानिराळे.
आईला विचारलं, "करू का?"
ती कोठीतून धान्य काढत होती. वर न बघता म्हणाली, "सही तू शिकवली. पर हाये माजी."
पेन ठेवलं.

२३ जानेवारी
भा.सा.नी ग्रुपवर फोटो टाकला. एलिफंट बीच, लहान बोट, सगळे नारिंगी जॅकेटमध्ये. आप्पा पुढच्या फळीवर, हात वर करून. अण्णा शेवटी, ताठ, आधारच्या फोटोत बसतात तसे.
आईने मोबाईल घेतला. बोटाने फोटो मोठा केला, अण्णांना ओलांडून मागे गेली, निळ्यावर थांबली. बराच वेळ.
मग परत अण्णांवर आली. कपाळाला आठी.
"खालचा पट्टा बांधलाच न्हाई ह्यानी. फोन लाव."
लावला. लागत नाही. पुन्हा लावला. अण्णांच्या फोनला तिकडे रेंज नाही.
फोटोखाली भा.सा.चा वेगळा मेसेज, मला एकटीला : सही झाली का?
कागद घड्याळामागेच आहे. आई दारात उभी, मोबाईल हातात धरून, पुन्हा लाव म्हणते.