गुरुवार पाळणारी गाडी

गुरुवार, २ फेब्रुवारी २०२३

परत बंद! मामे अफ्राकोमांची निळी टर्बो गाडी मम्पाँगच्या चढावर मेली. काटे खाली, दिवे मंद, दोनदा खोकली आणि गप्प. तासाभराने किल्ली फिरवली तर जणू काही झालंच नव्हतं. बाई सुईण आहेत. चढापलीकडच्या दोन गावांना त्यांच्याशिवाय कुणी नाही. म्हणाल्या, "मास्टर येबोआ, पुढच्या वेळी बाळ रस्त्यात झालं तर नाव तुमचंच ठेवीन हो!" मला हसू आलं नाही.

मशीन लावलं. दर वेळी वेगळाच कोड. सेन्सर बदलला, कॉइल बदलली. नुसते अंधारात दगड मारतोय.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

हे लिहायचं नव्हतं. पण गाडी तीच आहे.

तीन वर्षांपूर्वी तिचा पुढचा डावा कोपरा ठोकला होता. पत्रा आणि रंग शेजारच्या शेडमध्ये झाले, वायरिंग आमच्याकडे. म्हणजे अद्दाईकडे. वीस वर्षं एका शेडमध्ये, एका ताटात जेवलो आम्ही. गाडी ताब्यात दिली आणि पहिल्याच गुरुवारी बंद पडली. अख्ख्या सुआमेच्या गॅरेजवाल्यांसमोर मी त्याची लाज काढली. "हात गेले तुझे! पिऊन जोड मारतोस!" — तो पीत नाही. मला ठाऊक होतं! अजेइवाला पुरून पाचच दिवस झाले होते. बायको गेली, आणि मला कुणावर तरी ओरडायचं होतं. तो समोर होता.

त्याने पेटी काखेत मारली, वळला आणि एकच शब्द म्हणाला — "असासे!"

असासे म्हणजे जमीन, धरणीमाय. तिचं नाव घेतलं की माणूस तुझा न्याय तिच्यावर सोपवतो. मला वाटलं, शाप दिला. माझ्या सुतकात! हातातला पाना मी त्याच्यामागे भिरकावला. लागला नाही, एवढंच बरं.

पिऊन काम करतो हे नाव त्याला कायमचं चिकटलं. गिऱ्हाईक फिरकेना. आता एजिसूला रेडिओ दुरुस्त करतो म्हणे.

सोमवार, ६ फेब्रुवारी

गाडी झकास चालते. माझंच डोकं चालत नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आज पुन्हा! मक्याचे केंके गोळे विकणारी अद्वोआ टोपली उतरवत म्हणाली, "अहो मास्टर, गुरुवार धरणीमायचा. माझी आजी त्या दिवशी शेतात कुदळ लावू देत नसे. तुमची गाडी तिच्याहून सोवळी दिसते, गुरुवार पाळते!" सगळे खदाखदा हसले. मीही हसलो. मग हसता हसता थांबलो. गुरुवारच का?

शनिवार, ११ फेब्रुवारी

मामे अफ्राकोमांना विचारलं, बुधवारी गाडीचं काय करता? म्हणाल्या, "धुवून घेते. गुरुवारी गावात दवाखाना असतो ना. हे धुळीचे दिवस, म्हणून आत इंजिनावरही पाणी मारायला सांगते."

मीच बादली घेतली. दिवे आणि पंखा चालू ठेवून कोपऱ्याकोपऱ्यावर पाणी ओतत गेलो. डाव्या पुढच्या पत्र्याजवळ ओतलं आणि दिवे मिणमिणले! मीटर लावला. बॅटरीची ऋण तार आणि गाडीचा पत्रा यांच्यात दोन व्होल्ट! तिथे जवळजवळ शून्य हवं. अर्थचा, म्हणजे बॅटरीची ऋण तार पत्र्याला जोडणारा बोल्ट सोडवला. खाली हिरवट पांढरा गंज, आणि गंजाखाली निळा रंग. पत्रा न खरवडता, रंगावरच अर्थ आवळलेला! रंगातून वीज कशी जाणार? तिला नुसत्या आट्यांचा आधार, आणि ओल शिरली की वाळेपर्यंत तोही सुटतो.

बोल्टच्या डोक्यावर पिवळा ठिपका होता.

मी आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर मी पिवळा ठिपका देतो. मीच. अद्दाई कधी देत नाही.

आणि ते आत्ता लक्षात आलं. शेडमध्ये आम्ही दोघं अर्थला काय म्हणायचो? असासे! आमचीच गंमत. "असासे तपासली का रे?" दिवसातून दहा वेळा. तो शाप देत नव्हता. जाता जाता सांगत होता, अर्थ बघ. आणि मला मेल्याला अर्थच कळला नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी

देवळात बसलो, पण प्रार्थना सुचेना. तीन वर्षं!

गुरुवार, १६ फेब्रुवारी

पत्रा खरवडून नवा बोल्ट आवळला होता. काल गाडी धुतली, आज धावली. बाई खूश. मला काही वाटलं नाही. त्यांना सगळं सांगितलं. ऐकून म्हणाल्या, "एकटे जाऊ नका. एकटा गेला तर तो भांडायला आलाय असं वाटतं. माफीच्या रीतीची दारूची बाटली घ्या, मी पुढे होऊन बोलते."

रविवार, १९ फेब्रुवारी

एजिसूला गेलो. बाईंनी बाटली पुढे ठेवली, रीतीप्रमाणे माझ्या वतीने माफी मागितली. अद्दाईने दोन्ही हातांनी घेतली. केस पांढरे झालेत. मी बोल्ट त्याच्या टेबलावर ठेवला, ठिपका वर करून. तो जे बोलला ते आज लिहवत नाही.

सोमवार, २० फेब्रुवारी

म्हणाला, "ठाऊक होतं. तू बोल्ट आवळलास तेव्हा मी पलीकडेच होतो. तुझ्या अंगावर सुतकाचं काळं कापड, लक्ष भलतीकडे. म्हटलं याला आत्ता कुठे बोलायचं, गाडी देण्याआधी गुपचूप खरवडून टाकीन. पण राहूनच गेलं रे. ते दोन दिवस मी तुझ्या अजेइवाच्या अंत्यविधीच्या मंडपात दिव्यांच्या तारा ओढत होतो."