लहानीच्या चुलीचे तीन धोंडे

२९ एप्रिल

तहसीलला नववी फेरी! दरडीत घरं जाऊन नऊ महिने झाले. वरच्या वाडीची सात कुटुंबं आमच्या शाळेच्या दोन खोल्यांत राहताहेत, आणि साहेबांना आज नवीन शंका — "घर होतं, याचा फोटो?" म्हटलं, फोटो घरासकट दरडीखाली आहे, खणायला माणसं देता? साहेब हसले. म्हणाले, "बघू."

रिटायर झालेल्या बाईला दुसरा उद्योग काय! पुन्हा अर्ज लिहिला.

१ मे

ग्रामसभा. वाडीला गायरानात जागा द्यावी, हा माझा विषय. सगळ्यांना वाडीचं फार वाईट वाटतं — इतकं, की ती दुसऱ्या कुठल्यातरी गावात सुखी व्हावी अशी कळकळ! अनंता म्हणाला, "मानसं गुणाची हायत वो बाई, पन गुरांनी चरायचा कुठं?" अख्ख्या गावात गुरं बारा. सरपंच सुनिल: "बघू."

मग मीच उठले. "माणुसकी आपल्या दारापासून सुरू होते!" टाळ्या! मागे बसलेली वाडीची लहानी तर थांबेचना. ठराव मात्र झाला नाही.

६ मे

शहरातून मदत आली. ब्लँकेटं. मे महिन्यात! फोटो छान निघाले.

२० मे

लहानीने चुलीचे तीन धोंडे दरडीतून उकरून आणलेत. गोणत्यात बांधून व्हरांड्यात ठेवलेत. रांधते शेजारणीच्या स्टोव्हवर. म्हटलं, चूल मांड की गो. तर म्हणे, "चूल रोवली का घर झाला, बाई. साळंत कशी रोवू? ती पोरांची हाय."

तिच्याएवढी चाड तहसिलात एकालाही नाही.

९ जून

सुनिलचा निरोप — सोळाला शाळा भरणार, खोल्या रिकाम्या करा. जायचं कुठे? "ता बघू." तहसिलात म्हणे प्रकरण वर गेलंय. वर म्हणजे कुठे? जिथून दरड आली तिथे?

घरी येऊन रडले. रागानेच. हे 'बघू' म्हणणारे सगळे एका माळेचे मणी!

१४ जून

सकाळीच लहानी दारात. डोक्यावर गोणतं. चहा प्यायली. घरामागच्या माझ्या पडीक तुकड्याकडे बघत राहिली. सहा वर्षांत मी तिथे काही लावलेलं नाही.

"ग्रामसभंत तुमी बोलल्या ना बाई, तवाच धीर आला मना," ती म्हणाली. "हितं रोवू चूल?"

मी म्हणाले, "बघू."