उलटा धरलेला कागद

मावशी,

कात्री बाजूला ठेवून हे लिहायला बसले. पोस्टात टाकायची छाती मात्र नाही.

आई गेल्यावर तिच्या कपाटात निळ्या शाईच्या जुन्या पत्रांचा गठ्ठा सापडला. अक्षर देखणं होतं, म्हणून वर्षभर त्याच्याच पट्ट्या कापून मी शुभेच्छापत्रांवर चिकटवल्या. मजकूर वाचला की कापवत नाही, म्हणून मी कागद नेहमी उलटा धरते. महिन्याला एक, अशी बारा कार्डं बारा घरी गेली.

आज उरलेली पट्टी माझ्या वहीत चिकटवली आणि वाळायला वही फिरवून ठेवली, तर अक्षरं सरळ झाली. ‘ताई, माझ्या पोरीला तुझीच म्हणून वाढव. मी मावशी म्हणून येत जाईन.’

आईला माझ्याशिवाय दुसरं मूल नाही आणि मला तुझ्याशिवाय दुसरी मावशी नाही गं!

तुझं अक्षर मी कसं ओळखणार? तू मला जन्मभर नुसते फोन केलेस.

मग आठवलं. तुझ्या वाढदिवसाच्या कार्डावरही याच गठ्ठ्यातली पट्टी होती. तू ती ओळखलीसच असणार! तरी फोनवर एवढंच विचारलंस, “डिंक कुठला वापरतेस गं? हे सुटून तर येणार नाही ना?”

मी हसत म्हणाले होते, “फाटेल, पण सुटणार नाही.”

तुझीच